तिथं काम काय हाय?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

या जानेवारीत आमच्या भूगोलाच्या वर्गाची सहल मालवणजवळच्या देवबाग या मच्छीमारांच्या गावी जायची ठरली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा आणि आई तेव्हा शिरोळ तालुक्यात उसाच्या फडावर होते. मी फोन करून सांगितले की तीन दिवस समुद्रकाठी जाणार आहे. पलीकडे थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग दादांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तिथं काम काय हाय?’’

मी म्हणालो, ‘‘परीक्षेचं काम आहे. गेलं नाही तर मार्क जातात.’’

मित्रहो, हे खोटे होते. सहलीला गुण नव्हते, सक्तीही नव्हती. पहिल्या दिवशी नदीमुख आणि वाळूचा दांडा पाहून टिपणे काढायची आणि उरलेले दोन दिवस गावात राहायचे, एवढाच कार्यक्रम होता. सरांनी वर्गात स्पष्ट सांगितले होते, ‘‘दोन दिवस काही करायचे नाही. समुद्र पाहायचा, खायचे, झोपायचे.’’ हे वाक्य मी दादांना सांगू शकलो नाही. चोरी नव्हती, व्यसन नव्हते, तरी ते सांगायची मला लाज वाटली. ही लाज कुठून आली, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. त्या विचारातून जे मत बनले तेच येथे मांडत आहे. ते थोडक्यात असे की, विश्रांती ही कष्टकऱ्याच्या कामाचाच एक भाग आहे. ती श्रीमंतांची चैन नव्हे, आणि ती घेण्यासाठी कष्टकऱ्याला आजाराचे, देवाचे किंवा परीक्षेचे निमित्त शोधावे लागू नये.

आमच्या घरात विश्रांती हा शब्दच नाही. तो मला शाळेच्या पुस्तकात भेटला. ‘आराम’ हा शब्द आहे, पण तो दुखण्याशी बांधलेला आहे. ताप उतरला की शेजारीण विचारते, ‘‘आराम पडला का?’’ म्हणजे आराम पडायचा तर अगोदर आजारी पडले पाहिजे. विसावाही आहे. आमच्याकडे त्याला इसावा म्हणतात, पण तो गावाबाहेर, तिरडी नेताना घटकाभर खाली ठेवतात त्या जागेचे नाव आहे. धडधाकट माणूस नुसता बसला तर त्याच्यासाठी आमच्या भाषेत जे शब्द आहेत ते सगळे शिव्यांच्या जातीचे आहेत. रिकामटेकडा, ऐतखाऊ, बसून खाणारा! लहानपणापासून हे शब्द कानांवर पडलेल्या मुलाला समुद्रकाठी ‘काही न करायला’ जाणे हे पाप वाटले, तर त्यात नवल काय?

प्रवास आमच्या लोकांना नवा नाही. बीड जिल्ह्यातले काही लाख लोक दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप लावतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परत येतात. माझी आई अकरा हंगाम कोल्हापूरच्या बाजूला जाते आहे. कोणत्या शिवारात पाणी जवळ आहे, कोणत्या फडात पाचट जास्त आहे, हे ती सांगू शकते. पण कोल्हापुरापासून तासाभराच्या वाटेवर अकरा हंगाम काढूनही तिने अंबाबाईचे देऊळ पाहिलेले नाही. आमची माणसे महाराष्ट्रभर फिरतात, पण पाहुणी म्हणून कुठेच जात नाहीत.

कामावाचूनचा एकच प्रवास आमच्याकडे मान्य आहे, तो पंढरीच्या वारीचा. आमची आजी दिंडीत जाऊन आली की महिनाभर तिचा चेहरा वेगळा दिसे. चालून तिचे पाय सुजलेले असत, पण ती ताजी झालेली असे. आता मला वाटते की त्या ताजेपणात विठ्ठलाचा वाटा होताच, पण थोडा वाटा चूल, शेण आणि पाणी यांच्यापासून मिळालेल्या सुट्टीचाही असावा. देवाचे नाव पुढे केल्यावाचून आजीला ती सुट्टी कोणी दिली नसती, आणि तिने स्वतःलाही दिली नसती.

आता सहलीकडे येतो. जाणे-येणे, राहणे, जेवण मिळून माणशी तीन हजार रुपये खर्च होता. मी दिवाळीच्या सुट्टीत किलोला दहा रुपयांप्रमाणे कापूस वेचून ते जमवले होते. म्हणजे तीन क्विंटल कापूस! बोंडांनी बोटे फाटत असताना मी मनात हिशेब करी की एवढ्या कापसाची दोन रात्रींची झोप विकत घ्यायची आहे. माझ्या वर्गात सत्तर विद्यार्थी आहेत. त्यांतले तेवीस आले. मुलींना मार्च २०२३ पासून एस. टी.चे तिकीट अर्धे आहे, म्हणजे त्यांचा खर्च आमच्यापेक्षा कमी होता, तरी तेवीसांत मुली पाचच होत्या. जे आले नाहीत त्यांच्यात फडावर गेलेल्या घरांतली मुले-मुली सर्वांत जास्त. पैशाचे कारण खरेच होते. पण पैसे असूनही ‘घरी काय सांगू?’ म्हणून थांबलेले मला तिघे-चौघे ठाऊक आहेत.

रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. पंढरपूर, सांगोला करीत पहाटे चारच्या सुमारास मिरज सोडले. पुढे जयसिंगपूर, हातकणंगले हा सारा उसाचा मुलूख. रस्त्याच्या कडेला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर उभे होते, आणि एका ठिकाणी दिव्याच्या उजेडात एक बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. ती माझी आई नव्हती. पण याच तालुक्यात कुठेतरी, कोपीतून उठून, आईही त्याच वेळी तेच करीत असणार. गाडीत मागे मुले गाणी म्हणत होती. मी खिडकीची काच लावून घेतली आणि मान खाली घातली. आपण आईच्या दारावरून, तिला न सांगता, झोपायला निघालो आहोत असे मला वाटले.

कोल्हापुराहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून, कणकवलीवरून आम्ही मालवणला पोहोचलो. समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. तेथून दक्षिणेला तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माड, घरे, होड्या आणि माणसे. घराच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी नदी! आमच्या बालाघाटावर उन्हाळ्यात एका घागरीसाठी टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला एवढे पाणी पाहून आनंद झाला नाही, थोडा रागच आला. पण तेथल्या लोकांनाही पाण्याचे भय आहेच. लाटा किनारा खातात म्हणून त्यांनी दगडांचे बंधारे घातलेले आम्ही पाहिले.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून पुष्कळ मच्छीमार कुटुंबांनी घराला दोन-तीन खोल्या जोडून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आम्ही अशाच शेजारशेजारच्या तीन घरांत उतरलो. आमच्या घरच्या मालकीणबाईंना सगळे काकी म्हणत. त्या गाबीत समाजातल्या. काका मासेमारीला जातात आणि काकी खोल्या, स्वयंपाक, पाहुणे सांभाळतात. खोल्या साध्या होत्या. पांढरा चुना, दोन खाटा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. अंगणात शेणाने सारवलेले खळे आणि त्यापलीकडे वाळू. जेवायला भात, बांगड्याचे तिखले, सोलकढी. माळकरी मुलांना काळ्या वाटाण्याची उसळ. मी सवयीने भराभर जेवत होतो, तेव्हा काकी म्हणाल्या, ‘‘घाई कित्याक करतंस? दर्यो खंय पळान जाता?’’ सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जेवताना मला कोणी ‘सावकाश’ म्हटल्याचे मला आठवेना.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही. समुद्राचा आवाज रात्रभर थांबत नाही. लहानपणी मी आई-दादांबरोबर कोपीत राहिलो आहे. सहावी झाल्यावर मी आजीजवळ राहून शिकलो. कारखान्याजवळच्या कोपीत असाच रात्रभर आवाज येई आणि त्या आवाजात केव्हाही हाक येई, ‘‘उठा, गाडी भरायचीय.’’ समुद्राच्या आवाजात मी त्याच हाकेची वाट पाहत पडून राहिलो. पहाटे साडेचारला उठलो तर काकी उठलेल्या होत्या. मी खराटा घेतला आणि अंगण झाडू लागलो. काकींनी तो माझ्या हातून काढून घेतला. ‘‘तू पावणो मां? बस थंय.’’ मी बसलो, पण पाहुण्यासारखे बसता येईना. पाहुणा होणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, हे मला त्या पहाटे समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे फार मोठे जाळे. त्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर धरतात, होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडत नेतात आणि दुसरे टोक दूरवर पुन्हा किनाऱ्याला आणतात. मग दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस माणसे मिळून ओढत राहतात. आम्ही काही मुले जाऊन दोराला लागलो. खरे सांगतो, त्या एका तासात मला सहलीत प्रथमच मोकळे वाटले, कारण हाताला काम मिळाले! जाळे आले, बांगडे, तारली, पेडवे वेगळे झाले, वाटे पडले. दोराला हात लावला म्हणून आम्हांलाही एक टोपली मिळाली. त्यानंतर जे पाहिले ते मात्र मी विसरलो नाही. ती माणसे लगेच उठून दुसऱ्या कामाला धावली नाहीत. वाळूत बसली, चहा प्याली, समुद्राकडे पाहत राहिली. कोणी कोणाला ‘उठ’ म्हणाले नाही.

आणि त्याच दुपारी ती पाटी पाहिली. काकींच्या दारावर खडूने लिहिलेली एक पाटी टांगली होती, ‘दुपारी २ ते ४ घर बंद. चहा मिळणार नाही.’ शेजारच्या खोलीत मोठ्या शहरातून आलेले एक गृहस्थ उतरले होते. त्यांना अडीच वाजता चहा हवा होता. ते दार वाजवीत म्हणाले, ‘‘आम्ही पैसे देतो ना?’’ आतून, दार न उघडता, काकींचे उत्तर आले, ‘‘पैसे तुमच्या रवण्याचे घेतलंय, माझ्या झोपेचे न्हय.’’

मला हे उत्तर एखाद्या ग्रंथातल्या सिद्धांतासारखे वाटले. पहाटे साडेचारला उठणारी, रात्री अकराला भांडी आवरणारी ही बाई आळशी आहे असे कोण म्हणेल? तिचे घर पाहुण्यांवर चालते, पाहुणा रागावला तर नुकसान तिचेच. तरीही दिवसाचे दोन तास तिने कोणाला विकलेले नाहीत, आणि त्यासाठी तिने दुखण्याचे सोंग केले नाही की देवाचे नाव घेतले नाही. खडू घेतला आणि लिहून टाकले! त्या दोन तासांत मी माडाखाली वाळूवर आडवा झालो आणि झोपलो. ताप नसताना, दिवसाढवळ्या मी आयुष्यात प्रथमच झोपलो असेन. जाग आली तेव्हा पहिली गोष्ट मी केली ती ही की कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिले.

परत आल्यावर वसतिगृहात मी हे सगळे सांगितले तेव्हा एक मित्र तावातावाने म्हणाला, ‘‘भुकेल्या माणसाला समुद्र दाखवून काय उपयोग? आधी भाकरी, मग विश्रांती.’’ हा विचार पटण्यासारखा आहे आणि मलाही पूर्वी तसेच वाटे. पण आता मी विचारतो, हे ‘मग’ येणार केव्हा? माझे आई-दादा वीस वर्षे स्वतःच्या घामाची भाकरी खात आहेत. त्यांचे ‘मग’ अजून आलेले नाही, आणि गुडघे गेल्यावर येऊन त्याचा उपयोग नाही. भाकरी आणि विश्रांती या एकामागून एक चढायच्या पायऱ्या नाहीत. बैलालासुद्धा आपण आधी वर्षभर औत आणि मग वैरण असे करीत नाही. त्याला रोज सोडतो, रोज बांधतो, आणि पोळ्याला खांदे मळतो.

आपण ज्याला रविवार म्हणतो तो आपल्याला फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपले महाविद्यालय रविवारी बंद असते, त्याच्या पाठीमागे महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्याचे कष्ट आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, चोविसाव्या कलमात, विश्रांती हा हक्क म्हणून नोंदवला. आपल्या राज्यघटनेच्या त्रेचाळिसाव्या कलमात तर शेतीतल्या कामगारांसह सर्व कामगारांना निर्वाहापुरते वेतन आणि फुरसत मिळावी यासाठी राज्याने झटावे असे सांगितले आहे. घटना लिहिणाऱ्यांना फुरसत ही चैन वाटली नव्हती.

मग साखर कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहा. फाटकाच्या आतला कामगार पाळीने काम करतो आणि आठवड्याला सुट्टी घेतो. फाटकाच्या बाहेर, त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारे जोडपे, ज्याला हिशेबात माणसे न म्हणता ‘एक कोयता’ म्हणतात, ते मात्र उचलीच्या पैशाने बांधलेले असते. एक दिवस कामावर गेले नाही तर तो ‘खाडा’ आणि खाड्याचे पैसे कापले जातात. विश्रांतीला दंड आहे! जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगले झाले. पण आठवड्यात एक दिवस बिनखाड्याचा असावा, अशी चर्चा आमच्या टोळीत मी कधी ऐकली नाही. मागायचीच कोणाला सुचली नाही, कारण मागणाऱ्यालाही ती शिवीच वाटते.

या दंडाचे शेवटचे टोक आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यापुढे आला आणि शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे एकाहून अधिक होती. पण खाडा पडू नये, पाळीच्या दिवसांतही काम चुकू नये, ही भीती त्यांतली एक होती. ज्या बाईला महिन्यातून दोन दिवस टेकायची सोय नव्हती, तिने टेकण्याचे कारणच शरीरातून काढून टाकले. यानंतरही विश्रांती ही चैन आहे असे म्हणायचे का?

देवबागला आणखी एक गोष्ट समजली. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि वादळाचेही दिवस. मासळीला निवांत वाढू दिले नाही तर पुढे मासळीच मिळणार नाही, हे शासनाला कळते. त्या काळात होड्या दुरुस्त होतात, जाळी विणली जातात. हे दिवस मच्छीमाराला सुखाचेच जातात असे मी म्हणत नाही. तेव्हा हातात पैसा नसतो, हेही त्यांनीच आम्हांला सांगितले. पण मला राहून राहून वाटते, समुद्रातल्या बांगड्याला जी सवलत कायद्याने मिळते ती फडावरच्या बाळंतिणीला मिळत नाही.

एक कबुली दिली पाहिजे. मी वाळूवर झोपलो ते काकी चुलीपुढे उभ्या होत्या म्हणून. आपली विश्रांती नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर उभी असते. शहरातून कोकणात ‘शांतता’ शोधायला येणाऱ्यांना हे बहुधा दिसत नाही. समुद्र त्यांना सुट्टीसारखा दिसतो, पण काकांना तो फडासारखाच आहे. म्हणून नुसती चार पैसे टाकून घेतलेली विश्रांती मला पुरेशी वाटत नाही. जो विश्रांती देतो त्यालाही दोन ते चार दार लावता आले पाहिजे, आणि बाहेरच्याने ते दार वाजवू नये. एवढे ज्याला समजले तो चांगला पाहुणा.

आता काही सूचना. पहिली महाविद्यालयासाठी. सहलीची जागा आणि खर्च जूनमध्येच जाहीर करावा आणि पैसे हप्त्याने घ्यावेत. आपल्या निम्म्या वर्गाचे पालक दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांची संमती विचारायची तर ती दसऱ्यापूर्वी विचारावी. दुसरी, मुलींच्या घरी एखाद्या प्राध्यापिकेने स्वतः जाऊन बोलावे. आई-वडील सूचनाफलक वाचत नाहीत, पण बाईंचा शब्द मानतात. तिसरी, ज्यांना तीन हजार जमत नाहीत त्यांच्यासाठी आपण विद्यार्थ्यांनीच स्नेहसंमेलनाच्या खर्चातून थोडा निधी बाजूला काढावा. एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यात दोघांची सहल होईल.

चौथी सूचना माझ्यासारख्या मित्रांसाठी. मुकादमाशी उचलीचे बोलणे होते तेव्हा कागद वाचून दाखवायला घरात आपणच असतो. रक्कम वाचतो, अंगठ्याची जागा दाखवतो आणि उठतो. येत्या हंगामाआधी त्या कागदावर एक ओळ घालायला सांगू या, ‘आठवड्यातून एक दिवस खाडा धरला जाणार नाही.’ मुकादम हसेल, कदाचित दुसरी टोळी बघतो म्हणेल. एकट्याने सांगितले तर नक्कीच म्हणेल. पण या महाविद्यालयात शिकणारी आपण किती मुले आहोत ते एकदा मोजून पाहावे. लोखंड्यांनाही आधी पुष्कळ जण हसले असतील.

आणि शेवटची गोष्ट माझ्या घरची. हा अंक छापून हाती येईल तेव्हा कारखान्याचा पट्टा पडायच्या बेताला असेल. आई-दादा घरी येतील. दादांना वाचता येत नाही, म्हणून हा लेख मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, खोटे बोललो ते वाक्य न गाळता. ‘तिथं काम काय होतं?’ असे त्यांनी पुन्हा विचारले तर सांगेन, काही नव्हते. झोपलो, खाल्ले, समुद्र पाहिला.

त्यानंतर मला त्यांना दोघांना एप्रिलमध्ये दोन दिवस देवबागला पाठवायचे आहे. काकींना मी फोनवर विचारून ठेवले आहे. तिकिटापुरते पैसे जमतील, आईचे तर अर्धेच लागेल. दादा आधी नाही म्हणतील. आई काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे. ती म्हणेल, ‘‘आन् शेळ्यायचं काय?’’

शेळ्या मी सांभाळीन. मी जाऊन आलो आहे.